खंडेनवमीचा फोटो

धाराशिवात डॉक्टर शिवलीला बिराजदार यांचं पाच मजली हॉस्पिटल आहे. त्याच्या तळघरातल्या एका खोलीला सगळे कंट्रोल रूम म्हणतात. बिरू देवकते तिला ‘माझी खोली’ म्हणतो. खोलीत एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर, भिंतीला लोखंडी पॅनेलची रांग आणि कोपऱ्यात बिरोबाचा छोटा फोटो. त्या एका कॉम्प्युटरवरून अख्खी इमारत चालते. एसी, पंखे, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे, सगळं. कुठल्या खोलीत किती गारवा हवा तो आकडा पडद्यावर टाकायचा, की वर तिसऱ्या मजल्यावर यंत्र आपोआप कामाला लागतं. बसल्या जागी कारभार.

बिरूला मात्र बसल्या जागी कारभार कधी जमला नाही. वय चोपन्न, अंगानं काटक, मिशा बापाच्या वळणाच्या. सकाळी आठला ड्युटीवर आला की तो कॉम्प्युटरकडं ढुंकूनही बघायचा नाही. आधी इमारतीला बाहेरून एक फेरी. मग गच्ची, मग जिन्यानं एकेक मजला खाली. हवेच्या प्रत्येक जाळीखाली हात धरायचा, पाइपवर तळवा ठेवायचा आणि दोनशे पानी वहीत लिहायचं, ‘तिसरा मजला, बाळांची खोली, ठीक.’ फेरीला पाऊण तास लागे. पडद्यावर हेच सगळं दोन मिनिटांत दिसतं असं त्याला किमान वीस जणांनी सांगितलं होतं. तो हो म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरायला जायचा.

ही खोड बापाकडून आलेली. बिरू तामलवाडीच्या मेंढपाळाचा मुलगा. बाप दिवस मावळायला वाघर लावायचा. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. लावून झाली की तो बाहेरून फेरी मारायचा, एकेक मेख हलवून आणि एकेक गाठ चाचपून. लांडगा बाहेरून येतो, म्हणून फेरीही बाहेरून. बिरू अकरा वर्षांचा असताना एक कोकरू गेलं. बिरूनं सकाळी उठून शेजारच्या मेंढवाड्यातल्या पोराचं नाव घेतलं, कारण त्या पोराशी त्याचं आधीच वाजलं होतं.  बापानं बिरूचा कान धरला आणि वाघरीभोवती फिरवलं. चौथ्या मेखेशी गाठ सुटलेली होती, आणि ती आदल्या संध्याकाळी बिरूनंच मारली होती. “चोराचं नाव घ्यायच्या आदी आपली वाघर फिरून यायची,” बाप म्हणाला आणि त्यानं बिरूला त्या पोराच्या पाया पडायला लावलं. कोकराचं दुःख बिरू चार दिवसांत विसरला. ते पाया पडणं काही विसरला नाही.

पुढं आयटीआय केलं, वायरमन झाला, आणि हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हापासून इथंच टिकला. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीनं कॉम्प्युटरचा कारभार बसवला. त्यांची माणसं पॅनेलवरची हातानं फिरवायची बटणं काढून टाकायला निघाली, आता गरज नाही म्हणून. बिरू पॅनेलला पाठ लावून उभा राहिला. “माज्या अंगावरनं जावा,” म्हणाला. शेवटी डॉक्टरबाई तळघरात आल्या, त्यांनी दोघांचं ऐकलं आणि बटणं राहू द्या म्हणून सांगितलं. बिरूच्या उभ्या नोकरीत त्यानं जिंकलेलं हे एकच भांडण.

त्यानं हरलेलं भांडण शांतलिंगबरोबरचं, आणि त्याचं दुखणं असं की ते आपण हरलो हे त्याला फार उशिरा कळलं.

शांतलिंग हा दुपारपाळीचा ऑपरेटर. मुरुमचा, पस्तिशीतला, कॉम्प्युटरात हुशार आणि तोंडानं फटकळ. त्याचा एकच घोशा. या कॉम्प्युटरचा पासवर्ड बसवल्या दिवसापासून तोच आहे, हॉस्पिटलचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन, तो बदला. सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड आहे, वेगवेगळे करा. आणि बिरूमामांनी मॉनिटरच्या चौकटीवर चिकटवलेली ती पट्टी काढा.

पट्टी म्हणजे पांढरी चिकटपट्टी. तिच्यावर बिरूनं काळ्या मार्करनं, आंधळ्यालाही वाचता येतील अशा अक्षरांत, सगळं लिहून ठेवलं होतं. वरच्या ओळीत कॉम्प्युटरचा इंटरनेटवरचा पत्ता, मधे नाव, खाली पासवर्ड. त्याला पाठ होत नव्हतं, आणि तसं कबूल करायची लाजही नव्हती. “घराची किल्ली बी उंबऱ्यावरच ठिवतो आमी,” तो म्हणायचा.

एका सप्टेंबरात शांतलिंगनं ती पट्टी फाडून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बिरूला कॉम्प्युटर उघडेना. त्यानं फोन करून शांतलिंगला बोलावून घेतलं आणि नर्सा, वॉर्डबॉय, औषधवाला यांच्या देखत आवाज चढवला. शांतलिंगचाही चढला. चढलेल्या आवाजात तो म्हणाला, “हा सगळा धनगरी कारभार आहे.” बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. पण शब्द बाहेर पडला होता. डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर माफी मागायला सांगितलं. शांतलिंगनं मागितली नाही. “बघून घेईन एकेकाला,” म्हणून नोकरी सोडून गेला. बिरूनं त्याच संध्याकाळी नवीन पट्टी लिहिली, आधीपेक्षा ठळक. आणि एका नर्सला सांगून मोबाइलवर शांतलिंगचा नंबर ब्लॉक करून घेतला.

पासवर्ड कुणीच बदलला नाही. काम सोडून गेलेल्या माणसाच्या खिशात किल्ली राहिली, तरी कुलूप बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली. गवंडी थापी पुजतो, शेतकरी औत पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो. बिरू कंट्रोल रूम पुजतो. पक्कड, टेस्टर, मीटर असं सगळं पाटावर मांडायचं, पॅनेलला हळदीकुंकवाची बोटं, कॉम्प्युटरला झेंडूचा हार. आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा नेम. म्हणून पूजा झाली की बिरू कॉम्प्युटर बंद करायचा आणि दिवसभर पाचही मजले पॅनेलच्या बटणांवर, जिने चढून-उतरून, हातानं चालवायचा. कंपनीचा इंजिनिअर नंदीश हसायचा. “मामा, सॉफ्टवेअरला सुट्टी लागत नसते.” बिरू म्हणायचा, “त्याला लागत नसंल. मला सवय ऱ्हाती.”

त्या वर्षी बिरूनं नवा सदरा घातला होता, डोक्याला पिवळा फेटा. कॉम्प्युटर बंद करायच्या आधी वॉर्डबॉयला मोबाइल दिला आणि टेबलाशी ताठ उभा राहिला. एक हात मॉनिटरवर, जसा माणूस बैलाच्या पाठीवर ठेवतो. मॉनिटरला हार, पट्टीवर कुंकवाचं बोट. फोटो असा झकास आला की बिरूनं तो फेसबुकवर टाकला, गावच्या आणि जिल्ह्याच्या दोन मोठ्या ग्रुपांवरही टाकला. दोनशे सत्तर जणांनी अंगठे दाखवले. जन्मात त्याचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं.

पाच आठवडे गेले. एका मंगळवारी सकाळी पाण्याचा पंप दुरुस्त करण्यात वेळ गेला, म्हणून बिरू फेरी मारत उशिरा, साडेनऊनंतर तिसऱ्या मजल्यावर आला. बाळांच्या खोलीत त्या दिवशी सात बाळं होती. चार काचेच्या पेटीत, तीन उघड्या पाळण्यात. सगळी अपुऱ्या दिवसांची किंवा अपुऱ्या वजनाची. बिरूनं जाळीखाली हात धरला आणि हात तसाच राहिला. हवा थंड येत होती, उन्हाळ्यात ऑफिसात यावी तशी.

“महानंदा सिस्टर, कवापासनं हाय हे?”

“मी आत्ताच बदलीला आले, मामा. मलाही गार वाटलं, पण खाली फोन केला तर तुमच्या खोलीत बसलेला वॉर्डबॉय म्हणाला पडद्यावर सव्वीस दाखवतंय.”

बिरू जिना धडाधड उतरला. पडद्यावर खरोखर सव्वीस होतं. घड्याळात पावणेदहा झाले होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात नऊ वाजून दोन मिनिटं. पडदा नऊ-दोनलाच गोठला होता, आणि मागं यंत्रं भलत्याच कुणाच्या हुकमावर चालली होती. त्यानं पट्टी बघून पासवर्ड टाकला. घेतला नाही. पुन्हा टाकला. नाही घेतला. कुणीतरी बदलला होता.

बिरूनं कॉम्प्युटरचा नाद सोडला. पॅनेल उघडलं, कॉम्प्युटरकडून येणारी वायर उपसली आणि सगळी बटणं हातावर घेतली. मग जिना. खाली बटण फिरवायचं, वर जाऊन जाळीखाली हात धरायचा, पुन्हा खाली. सिस्टरांनी तोवर उघड्या पाळण्यातली बाळं दुपट्यात गुंडाळून छातीशी धरली होती. साडेदहाला खोली उबदार झाली. ऑपरेशन थिएटरचे पंखे बंद पडले होते, तेही चालू झाले. एकाही बाळाला काही झालं नाही. नंदीश पुण्याहून येऊन सगळं पुन्हा लावीपर्यंत एकतीस तास बिरूनं इमारत खंडेनवमीसारखी चालवली.

नंदीश तसा प्रामाणिक पोरगा. त्यानं दोन दिवस तपासलं आणि डॉक्टरबाईंना, बिरूला समोर बसवून समजावलं. पहिली चूक कंपनीची. दर वेळी धाराशिवला यायला नको म्हणून त्यांनी हा कॉम्प्युटर सरळ इंटरनेटवर उघडा ठेवला होता. सॉफ्टवेअरमधल्या जुन्या भोकांवर ठिगळं येऊन पडली होती, ती दोन वर्षांत कुणी लावली नव्हती. “आणि खालची यंत्रं तर भोळी असतात. हुकूम देणारा कोण, हे विचारायची त्यांच्यात पद्धतच नाही. त्यांच्या भाषेत कुणीही बोललं की ऐकतात.”

“मंग मेंढरू बरं की,” बिरू म्हणाला. “माज्या बापाची मेंढरं परक्यानं किती बी हाळी दिली तरी मुंडी वर करत नव्हती.”

“पण मॅडम,” नंदीश पुढं म्हणाला, “या वेळी भोकातून कुणी आलेलं नाही. दारातून आलंय. पहिल्याच फटक्यात बरोबर पासवर्ड टाकलाय. म्हणजे ज्याला माहीत होता, त्यानंच.”

इथून पुढं डॉक्टरबाई आणि नंदीश कानडीत बोलायला लागले. दोघंही मुरुमकडचे, कर्नाटकाच्या सीमेजवळचे, आणि बिरूला कळू नये अशी गोष्ट असली की ते कानडीत शिरायचे. त्यांना ठाऊक नव्हतं की बिरूनं लहानपणी पाच वर्षं सीमेपलीकडं मेंढरं चारली होती. त्याला शब्द न् शब्द कळला. शांतलिंग. बघून घेईन म्हणून गेला होता. पासवर्ड त्याला माहीत होता. पोलिसांत अर्ज द्यायचा.

खरं सांगायचं तर बिरूला आधी बरं वाटलं. बरं वाटलं म्हणजे चांगलंच बरं वाटलं. धनगरी कारभार म्हणत होता नाही का! त्याच धनगरी कारभारानं सात लेकरं राखली, आणि हा शिकलेला हुशार माणूस आता पोलिसांसमोर उभा राहणार. शिवाय रविवारी डॉक्टरबाई सगळ्या स्टाफसमोर बिरूचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार होत्या. असा आठवडा माणसाच्या वाट्याला एकदाच येतो.

शुक्रवारी अर्ज गेला. पोलिसांनी शांतलिंगला फोन करून सोमवारी हजर राहायला सांगितलं. त्याच दुपारी नंदीशनं प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला आणि जाताजाता म्हणाला, “मामा, कुठं लिहिलेलं असेल ते फाडून टाका.”

बिरू पट्टी काढायला वाकला. नखानं कोपरा उचलला आणि थांबला. पट्टीवर कुंकवाचं वाळलेलं बोट होतं.

त्यानं मोबाइल काढला. फोटो उघडला. दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. फेटा बाजूला गेला, मिशा बाजूला गेल्या, हार वर गेला, आणि मधोमध पट्टी आली. पत्ता. नाव. पासवर्ड. काळ्या मार्करनं, आंधळ्यालाही वाचता येतील अशा अक्षरांत. कुंकवाच्या बोटानं एक अक्षरसुद्धा झाकलं नव्हतं.

 बिरू खुर्चीवर बसला. पाच आठवडे त्यानं आपल्या हातानं किल्ली चव्हाट्यावर टांगून ठेवली होती, वर दोनशे सत्तर जणांचे अंगठे घेतले होते. येणाऱ्यानं नुसती उचलली. त्याला धाराशिव कुठं आहे हेही माहीत नसेल, वर बाळं आहेत की बटाटे हेही नसेल.

आणि मग त्यानं जे केलं ते लिहायलाच हवं, कारण बिरू हा माणूसच आहे. त्यानं फोटो पुसून टाकला. फेसबुकवरून, दोन्ही ग्रुपांवरून, मोबाइलमधूनही. पट्टी जाळली. कुणी बघितलं नव्हतं. चोपन्नाव्या वर्षी ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार होतं? सात बाळं राखणारा माणूस एका मिनिटात सात बाळं थंडीत घालणारा ठरला असता.

शनिवारी सकाळी आठला तो फेरीला निघाला. इमारतीला बाहेरून वळसा घालताना मागच्या भिंतीशी त्याचा पाय अडला. अकरा वर्षांचं पोर पिळलेल्या कानानिशी मेखेशी उभं असतं, तसा तो तिथं उभा राहिला. मग फेरी अर्धी टाकून सरळ डॉक्टरबाईंच्या केबिनमधे गेला.

“बाई, शांतलिंगनं न्हाय केलं. माज्यामुळं झालं,” म्हणून त्यानं सगळं सांगितलं.

डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. “मामा, त्यानं तुम्हाला जातीवरून बोलावं, आणि तुम्ही त्याला वाचवायला स्वतःवर घेताय! कुठं आहे तो फोटो?”

“पुसला म्या.”

“आणि पट्टी?”

“जाळली.”

बाई हसल्या. “जा, काम करा. तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत.”

अशी गत क्वचितच कुणाची होते. खोटं पचावं म्हणून त्यानं पुरावा मारला होता. आता खरं पचेना. बिरूनं बायकोची शपथ घेतली, बिरोबाची घेतली. बाईंचा त्याच्याबद्दलचा आदर शपथेगणिक वाढत गेला.

बायकोची शपथ घेताना मात्र त्याला एक गोष्ट आठवली. त्यानं अर्धी रजा टाकली आणि तुळजापूरमार्गे एसटीनं तामलवाडी गाठली.

बानूबाई अंगणात हुलगे पाखडत होती. बिरू सरळ घरात शिरला. देव्हाऱ्याशेजारी, बिरोबाच्या तसबिरीच्या बरोबरीनं, काचेच्या फ्रेममधे तो फोटो टांगलेला होता. दिवाळीत तिनं तुळजापूरच्या स्टुडिओतून हातभर मोठा करून आणला होता. नवरा एवढा साजरा तिला लग्नातही दिसला नव्हता.

“आवं, देवाजवळचा फोटू कशाला काढताव?”

बिरूनं खाटेवर बसून सांगितलं. तिला कॉम्प्युटर कळला नाही, पासवर्ड कळला नाही. तिनं एकच विचारलं. “म्हंजे तुमच्या पायी त्या लेकराला पोलीस धरत्याल?”

“बलावलंय सोमवारी.”

“मंग न्या फोटू.” वर म्हणाली, “पर काच फोडू नका.” तिनं स्वतः जुन्या लुगड्यात फ्रेम गुंडाळून दिली. मोकळ्या खिळ्याकडं एकदा बघितलं आणि त्यावर भाकरीच्या पिठाची चाळणी अडकवली.

रविवारी सकाळी स्टाफ जमायच्या आत बिरूनं लुगड्याची गाठ सोडून फ्रेम डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी चष्मा लावला. वाकून बघितलं. पासवर्ड मोठ्यानं वाचला. 

“हे तुमचं अक्षर.”

“व्हय.”

“मामा, वर सात बाळं होती!” बाई ओरडल्या. इतक्या मोठ्यानं की बाहेर खुर्च्या मांडणारे थांबले. “सात! आणि शांतलिंग सांगून सांगून दमला होता, मीच लक्ष दिलं नाही. तो गेला त्याच संध्याकाळी तुम्ही पुन्हा पट्टी लावलीत, मी बघितली, मीही काही बोलले नाही.” त्या खाली बसल्या. फोन उचलून पोलीस ठाण्यात अर्ज मागं घेत असल्याचं सांगितलं. “उद्या कामावर या. शाल मात्र विसरा. आणि शांतलिंगला मी कळवते.”

“न्हाय बाई. ते म्या जातो.”

तो फ्रेम काखेत घेऊन उमरग्याच्या गाडीत बसला, येणेगूरला उतरून जीपनं मुरुमला पोचला. शांतलिंग बाजारात एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात लागला होता. स्टुलावर बसून पंपाच्या मोटारीत तांब्याची तार भरत होता. बिरूला बघून त्याचा हात थांबला, पण तो उठला नाही.

बिरू उभ्यानंच बोलला. पट्टी, फोटो, पुसून टाकणं, अर्ज, सगळं.  मग तो वाकला. शांतलिंगनं घाईघाईनं पाय मागं घेतले.

“काय करताय मामा! वडीलधारे तुम्ही.” तो तारेकडं बघत राहिला. “पोलिसांचा फोन आईनंच उचलला होता. दोन दिवस जेवली नाही ती.” मग त्यानं विचारलं, “बाळं?”

“समदी चांगली हायत. दोन घरी बी गेली.”

“हँडवर किती तास चालवलंत?”

“एकतीस.”

शांतलिंगनं मान हलवली. “मी असतो तर मला जमलं नसतं. मला बटणं पाठ नाहीत. आणि ते जे बोललो त्या दिवशी, मामा, ते तोंडातून जायला नको होतं.”

त्यानं पायानं दुसरं स्टूल पुढं ढकललं. बिरू बसला. शांतलिंगनं खिशातून मोबाइल काढला, जरा वेळ बोटानं काहीतरी शोधलं आणि बिरूच्या हातात दिला.

खंडेनवमीची तारीख होती. वेळ दुपारी बारा वाजून दहा. शांतलिंगनं बिरूला पाठवलेला मेसेज होता. ‘मामा, फेसबुकवरचा फोटो लगेच काढा. पासवर्ड दिसतोय. राग नंतर धरा.’ त्याच्या शेजारी पाठवल्याची एकच राखाडी खूण, पोचल्याची दुसरी नाही. तिथून पुढं कुठंच न गेलेली.

“मला वाटलं तुमचा फोन बंद आहे,” शांतलिंग म्हणाला. “दुसऱ्या दिवशी बाईंना लावणार होतो. मग म्हटलं, ज्यांनी माझं कधी ऐकलं नाही त्यांना आपण कशाला शिकवायचं. ती चूक माझी.”

बिरूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं फेट्याच्या नव्हे, साध्या टोपीच्या काठानं ते पुसलं आणि आपला मोबाइल पुढं केला. “ते ब्लॉक का काय केलंय म्या. काढून दे.”

शांतलिंगनं दोन ठिकाणी दाबून ते काढलं. बिरू पडद्याकडं बघत बसला. काही आलं नाही.

“येत न्हाय की रं.”

“येणार नाही, मामा. अडवलेला असताना आलेला निरोप पुन्हा येत नाही. तो गेला तो गेलाच.”

दुकानातल्या मालकानं चहा सांगितला. शांतलिंगनं आपल्या मोबाइलवर काहीतरी केलं आणि बिरूच्या हातातला मोबाइल वाजला. तोच मेसेज होता, पाच आठवड्यांपूर्वीचा, जसाच्या तसा.

बिरूनं तो ओठ हलवत दोनदा वाचला. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, उत्तर लिहिलं: ‘व्हय. काढला.’